सगळे शार्क सारखे नसतात

संपादक महोदय,


‘शार्क सगळे सारखेच, मैलभरावरून रक्ताचा वास काढणारे’ हे गेल्या रविवारच्या पत्रातले विधान मला मान्य नाही. प्रयोगांत शार्कचे नाक इतर माशांहून फार तीक्ष्ण आढळलेले नाही.

नागपूरला समुद्र नाही, पण बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला आमच्यापुढे फॉर्मॅलिनमधला ‘स्कोलिओडॉन’ नावाचा शार्क असे. कोकणच्या बाजारातली मुशी ती हीच. हातभर लांब, फावड्यासारखे चपटे मुस्कट. ते दाबले की बारीक छिद्रांतून चिकट रस येई. त्या छिद्रांमागच्या नळ्यांनीच तिला भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज कळते. हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कमध्ये ही छिद्रे रुंद डोक्यावर पसरलेली असतात. वाळूवरून डोके फिरवत तो दडलेला पाकट मासा हुडकतो. बारा मीटरपर्यंत सहज वाढणारा व्हेल शार्क मात्र पाणी गाळून प्लवक खातो. त्याचे दात तांदळाच्या दाण्याएवढे. 2001पासून त्याला आपल्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

आणि मुशी पिल्लांना पोटात नाळेने पोसते, हे किती जणांना ठाऊक आहे? एकदा आमच्या टेबलावरच्या मुशीच्या पोटात नाळेला लागलेली बोटभर पिल्ले निघाली. सगळा वर्ग गप्प झाला होता.

प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर