वेदीपाशीं ठेवलेलें अर्पण

पूजा संपली म्हणजे आपण हात जोडून क्षमाप्रार्थना करतों. मंत्र चुकला असेल, क्रिया उणी राहिली असेल, तर देवानें क्षमा करावी. चाल उत्तम आहे. परंतु त्याच सकाळीं जिला आपण टाकून बोललों ती सून, किंवा ज्याच्या घराकडील वाट आपण वर्षानुवर्षें सोडली तो भाऊ, यांची क्षमा कोणत्या पूजेंत मागावयाची? या प्रश्नाचें रोखठोक उत्तर ख्रिस्ताच्या उपदेशांत आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांच ते सात हे अध्याय 'डोंगरावरील प्रवचन' या नांवानें प्रसिद्ध आहेत. त्यांत येशू मनुष्यवधाचा निषेध करणारी जुनी आज्ञा घेतो आणि तिचा धागा थेट रागापर्यंत व अपशब्दापर्यंत नेऊन भिडवितो. शस्त्र उचललें नाहीं एवढ्यावरून कोणी स्वतःस निर्दोष समजूं नये, हा त्याचा आशय. लगेच पुढें दृष्टांत येतो. वेदीपाशीं अर्पण घेऊन उभ्या असलेल्या माणसास भावाच्या मनांतील सल आठवला, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं समेट करावा, आणि मग परतून देवकार्य पुरें करावें.

ऐकणारे लोक मुख्यतः गालील प्रांतांतील होते, आणि यहुदी लोकांची अर्पणाची वेदी यरुशलेमच्या मंदिरांत. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें तें मंदिर उद्ध्वस्त केलें, परंतु या उपदेशाच्या काळीं तें उभें होतें. गालीलाहून तेथें जाण्यास पायीं तीन-चार दिवस लागत. म्हणजे वेदीवरून माघारें फिरून घर गांठणें व पुन्हा येणें हा आठवड्याचा खटाटोप! श्रोत्यांस हें ठाऊक होतें. देव थांबेल, भाऊ थांबूं नये, असाच याचा अर्थ.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तुझ्या मनांत राग असेल तर जा, असें येथें म्हटलेलें नाहीं. सल भावाच्या मनांत आहे, आणि पाऊल तुला उचलावयाचें आहे. आपला व्यवहार नेमका उलट. 'त्याला गरज असेल तर तो येईल' हें वाक्य कोणत्या घरांत उच्चारलें जात नाहीं?

माझाच दाखला देतों. वडिलांच्या पश्चात् घराच्या वांटणींत मीं चार माणसांदेखत धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च काढून दाखविला. कागद कायदेशीर होते, आंकडेही खरे होते. त्यानंतर नऊ वर्षें आमचें बोलणें नव्हतें. संक्रांतीस सबंध आळींत मी तिळगूळ वांटीं, तें एक घर वगळून. पितृपक्षांत एकाच तिथीस, एकाच पित्यास, आम्ही दोघे दोन घरांत पिंड देत होतों. वरील भाग वाचनांत आला आणि त्या वर्षीं दर्भ हातीं घेण्याचें धैर्य होईना. आदल्या संध्याकाळीं त्याच्या दारीं गेलों. म्हणालों, "तुझ्या शिकण्याचा खर्च चारचौघांत काढला, तें माझें चुकलें." बराच वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "दादा, चहा घेणार ना?"

विहिरीच्या हिश्श्याचा वाद अजून मिटलेला नाहीं. समेट म्हणजे हक्क सोडणें नव्हे, आणि अन्याय मुकाट्यानें सोसणें तर नव्हेच. 'तूंच नमतें घे' असें सुनेस किंवा धाकट्या जावेस सांगण्यासाठीं या वचनाचा उपयोग कोणी करूं नये. तें वेदीपाशीं उभ्या असलेल्यास, म्हणजे घरांत ज्याच्या हातीं मान व पूजा आहे त्यास, उद्देशून आहे. आधीं वडिलांनीं उठावयाचें आहे.

हल्लीं मोबाईलवर दोन ओळी धाडून मोकळें होण्याची सोय झाली आहे. माणूस परदेशीं असेल तर तेंही चालेल. पण भिंतीपलीकडील बिऱ्हाडास संदेश धाडणें म्हणजे अर्पण न ठेवतां उभ्याउभ्या हात हालविणें.

ख्रिस्ताचें हें वचन पटण्यासाठीं कोणास आपलें देवघर सोडावें लागत नाहीं. फक्त कांहीं वेळ त्यांतून उठावें लागतें. येत्या संक्रांतीस तिळगुळाचा पहिला पुडा कोणत्या दारीं न्यावयाचा, तें ज्यानें त्यानें ठरवावें.