वांगावरील ट्यूब आणि आपली जबाबदारी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चिकित्सालयात एक शिक्षिका आल्या. दोन्ही गालांवर वांग होता आणि भोवतालची त्वचा लालसर, पातळ, बारीक रक्तवाहिन्या दिसाव्यात अशी झाली होती. “दोन वर्षे हेच लावते. बंद केले की चेहऱ्याची आग होते,” असे सांगून त्यांनी पर्समधून एक ट्यूब काढली. प्रथम कोणी दिली, असे विचारता त्या संकोचल्या. एका वैद्यांनीच कुंकुमादी तैलासोबत लिहून दिली होती. पुढे ती औषधाच्या दुकानातून विनासायास मिळत राहिली.

ही ट्यूब आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांच्या संयोगाची कल्पना क्लिगमन व विलिस यांनी १९७५ मध्ये मांडली आणि ती मुळात सदोष नाही. पहिले द्रव्य रंगद्रव्याची निर्मिती रोखते, दुसरे त्वचेचा वरचा थर लवकर बदलते आणि तिसरे या दोहोंमुळे होणारा दाह आवरते. जाणकार त्वचारोगतज्ज्ञ हे मिश्रण साधारणतः आठ आठवडे, देखरेखीखाली वापरतात आणि नंतर स्टेरॉइडविरहित औषधांकडे वळतात. आपल्याकडील कित्येक ट्यूबमध्ये तर सौम्य फ्लुओसिनोलोनऐवजी अधिक तीव्र मोमेटासोन असते. ते दोन वर्षे चेहऱ्यावर चोळले, तर दुसरे काय होणार?

दोष केवळ दुकानदारांवर ढकलणे आम्हांस मान्य नाही. तैल किंवा लेपासोबत ही ट्यूब द्यायची आणि महिन्याभरात उजळलेल्या चेहऱ्याचे श्रेय तैलाला द्यायचे, ही प्रथा आपल्यातच आहे. सुश्रुताचार्यांनी व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली, ती हा व्याधी क्षुल्लक म्हणून उरकून टाकावा यासाठी नव्हे. क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाशी येतो, असे त्यांचे निदान आहे. आपल्यापैकी किती जण रुग्णाच्या झोपेची, त्राग्याची, गर्भनिरोधक गोळ्यांची, उन्हातील कामाची चौकशी करतात? स्टेरॉइडने दुबळ्या झालेल्या त्वचेवर लिंबाचा रस किंवा जायफळ उगाळून लावणे हा तर अपराधच होय. दाह शमला तरी मागे नवा काळेपणा राहतो.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची सवलत काढून ती शेड्यूल एचच्या कक्षेत आणली. तरीही “ती गोरेपणाची ट्यूब द्या” एवढ्यावर ती काउंटरवरून दिली जाते. चिठ्ठी मागितल्याने एखादे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे आम्ही जाणतो. तो तोटा सोसावा.

त्या शिक्षिकांना आम्ही प्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले, कारण असे मलम एकाएकी तोडणे इष्ट नव्हते. त्यांनी ते क्रमाक्रमाने कमी केले, सनस्क्रीन दिले. आम्ही पित्तशामक आभ्यंतर चिकित्सा, आहार व निद्रा यांकडे लक्ष दिले आणि तीन महिने चेहऱ्यावर कोणताही लेप लावू दिला नाही. आग थांबली आहे. वांग फिकट झाला आहे, गेलेला नाही, आणि उन्हाळ्यात तो पुन्हा डोके वर काढू शकतो, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या संघटनेच्या पुढील शिबिरास एखाद्या त्वचारोगतज्ज्ञास आणि गावातील औषधविक्रेत्यांस एकत्र बोलवावे, अशी आमची सूचना आहे.