मुंग्यांची झेड सिक्युरिटी

दिवाळीत भडगावला मामाकडे गेलो होतो. गिरणेवरून येणारा सकाळचा गारवा, हातात चहा, मोबाइल सायलेंटवर. अंगणातल्या लिंबोणीपाशी वाकून काहीतरी बघतोय म्हटल्यावर मामी मागून आलीच.

"काय करी ऱ्हायना रे तठे?"

तिच्या हातात मुंग्यांच्या पावडरीचा डबा! कोवळ्या पानांवर मुंग्यांची वर्दळ होती आणि मामीचा हिशेब साधा. मुंग्या म्हणजे मावा, आणि मावा म्हणजे झाडाचा सत्यानाश. तिचं काही चुकत नव्हतं हो. मुंग्या माव्याला सांभाळतात, हे खरंच आहे. पण इथे मावा नव्हता. पानाच्या देठाशी एक हिरवा, चपटा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा जीव चिकटला होता आणि पाच-सहा मुंग्या त्याच्या भोवती, चक्क पाठीवरसुद्धा, फिरत होत्या. पुढाऱ्याभोवती ब्लॅक कॅट कमांडो असतात ना, डिट्टो तसं!

ती होती लाइम ब्लू या छोट्या निळसर फुलपाखराची अळी. (लिंबाची पानं फस्त करणारी ती विष्ठेसारखी दिसणारी, डिवचलं की नारिंगी शिंगं काढणारी अळी वेगळी. ती लाइम बटरफ्लायची. तिला कुणी सिक्युरिटी देत नाही.)

एरवी मऊ अळी म्हणजे मुंग्यांचं फुकटचं जेवण. मग ही का वाचते? तर हिच्या पाठीवर, शेवटाकडे, एक ग्रंथी असते. मुंगीनं मिशांनी थापटलं की तिच्यातून साखर आणि अमिनो आम्लं असलेला गोड थेंब बाहेर येतो. बदल्यात गांधीलमाश्या आणि कोळी यांच्यापासून संरक्षण. शेजारीच दोन छोटे कोंब असतात. धोका वाटला की ते बाहेर येतात आणि मुंग्या एकदम अलर्ट! निळ्या फुलपाखरांच्या या कुळात ज्यांचं जीवनचक्र माहीत झालंय, त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश जातींचं मुंग्यांशी असं काही ना काही नातं आहे.

मीही इतके दिवस याला फेअर डील समजत होतो. पण जपानमध्ये २०१५ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. तिथल्या एका निळ्या फुलपाखराच्या अळीचा थेंब प्यायलेल्या मुंग्यांच्या मेंदूतलं डोपामिन कमी झालं. त्या भटकेनाशा झाल्या, अळीपाशीच थांबल्या आणि जास्त आक्रमकही झाल्या. म्हणजे पगार नाही, नशा! आमच्या ऑफिसातलं फुकट कॉफीचं मशीन मला लगेच आठवलं.

इंग्लंडचं लार्ज ब्लू तर याहून भारी. त्याची अळी एका ठरावीक जातीच्या मुंग्यांना फसवून त्यांच्या वारुळात जाते आणि तिथली पिल्लंच खाते. गवत वाढलं, जमीन थंड झाली, त्या मुंग्या कमी झाल्या आणि १९७९ मध्ये ते फुलपाखरू इंग्लंडातून संपलं. नंतर स्वीडनहून आणून, कुरणं चारून, त्या मुंग्या आधी परत आणाव्या लागल्या. तेव्हा कुठे फुलपाखरू टिकलं.

हे सगळं मामीला सांगितलं. डोपामिन वगळून. ती म्हणाली, "एवढीशी अळी, आणि एवढी चलाख?" डबा मात्र खाली ठेवला नाही. शेवटी तह झाला. पावडर उंबऱ्याला आणि ओट्याला, झाडाला नाही. तेही अळी उडून जाईपर्यंतच.

पुण्याला परतल्यावर दर दोन दिवसांनी फोन. कोष झालाय. मुंग्या अजून तिथेच आहेत. मग एका सकाळी मीटिंगमध्ये असताना मामीचा मेसेज आला, सोबत एक हललेला, धूसर फोटो. रुपयाच्या नाण्याएवढं काहीतरी निळसर.

"उडनं. आते टाकू का पावडर?"