भरती कोणाच्या घड्याळावर चालते?

भरती-ओहोटीशी चंद्राचा काडीमात्र संबंध नाही, असा सिद्धान्त एक विद्वान सध्या व्याख्यानांतून मांडत आहेत. श्रोते माना डोलावतात, शाळकरी मुले वहीत उतरवून घेतात, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोराने ओढतो, मग समुद्र चंद्राचे का ऐकेल? चंद्रच पाणी ओढत असेल तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही त्याच वेळी भरती कशी? विहिरीला भरती का येत नाही? आणि चंद्र एकच असताना भावनगरला पाणी दहा मीटर चढते, गोव्यात जेमतेम दोन, ते का? तेव्हा पृथ्वी फिरते, पाणी हिंदकळते, झाली भरती!

पृथ्वी फिरते, मान्य. पण तिचा दिवस २४ तासांचा आहे आणि समुद्र तो पाळत नाही. आज दुपारी बाराला पूर्ण भरती असेल तर उद्या ती पाऊण-एक तासाने उशिरा येते, परवा आणखी उशिरा. अलिबागला ओहोटीत घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात जायचे तर नुसती तारीख कळून भागत नाही, तिथी लागते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या अलीकडेपलीकडे. त्यानंतर साधारण सहा तासांनी वाट मोकळी होते. हिशेब ढोबळ आहे, पण त्याच्या भरवशावर माणसे समुद्रातून किल्ल्यात जाऊन परत येतात. विद्वानांच्या भरवशावर कोणी गेले तर पहिल्या दिवशी सुखरूप परतेल, आठवड्याने किल्ल्यातच अडकेल.

हा रोजचा सुमारे ५० मिनिटांचा उशीर पृथ्वीच्या फिरण्यातून कसा काढणार? चंद्र मात्र सरासरीने रोज तेवढाच उशिरा माथ्यावर येतो. आणि उधाण व भांग? पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती बेताची आणि सुकतीतही पाणी पुरते उतरत नाही. पृथ्वी अष्टमीला दमते आणि पौर्णिमेला पुन्हा जोर धरते, असे विद्वानांना म्हणायचे आहे काय? महिन्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा भरती वाढते, दूर जातो तेव्हा घटते. हेही हिंदकळण्यानेच होते का?

हिंदकळण्याची ही कल्पना नवीही नाही. १६३२ साली इटलीतल्या एका थोर खगोलशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात हेच मांडले होते: पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे कधी एकमेकांत मिळवले जाते, कधी वजा होते, म्हणून पाणी नावेतल्या पाण्यासारखे मागेपुढे होते. चंद्राचा प्रभाव मानणाऱ्या समकालीनाला त्याने बालिश ठरवले. पण त्याच्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायची आणि व्हेनिसला दोन येत होत्या. पृथ्वी फिरते हे सिद्ध करण्याची त्याची तळमळ मोठी होती, त्यामुळे ही चूक समजून घेता येते. चार शतकांनंतर तीच चूक व्यासपीठावरून शोध म्हणून मिरवणे समजून घेता येत नाही.

बाकीचे आक्षेप. सूर्याचा: भरतीला एकूण ओढ लागत नाही, पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या ओढीतला फरक लागतो, आणि तो अंतराच्या घनाने घटतो. सूर्य चंद्राच्या २ कोटी ७० लाख पट जड, पण सुमारे ३९० पट दूर. ३९० चा घन ५ कोटी ९० लाखांच्या घरात. भागाकार करा: सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. पलीकडची भरती: तिथल्या पाण्यापेक्षा पृथ्वीच चंद्राकडे जास्त ओढली जाते. विहीर: तिचे दोन्ही काठ चंद्रापासून सारखेच दूर.

भावनगरचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि पाठ्यपुस्तकातले दोन फुगवट्यांचे चित्र त्याला पुरे पडत नाही. १६८७ मध्ये बळ कळले. पाणी त्या बळाला कसा प्रतिसाद देते हे गणित १७७० च्या दशकात फ्रान्समध्ये मांडले गेले. सरासरी चार किलोमीटर खोल समुद्रात लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते, विषुववृत्तावर पृथ्वी ताशी १६७० किलोमीटर फिरते. फुगवटा चंद्राखाली टिकूच शकत नाही. त्याच्या लाटा होतात, त्या किनाऱ्यांवर आदळून परततात, उथळ पाण्यात उंचावतात. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे अरुंद होत जाते, म्हणून तिथे पाणी दहा मीटर चढते. पृथ्वीच्या फिरण्याचा या साऱ्यात वाटा आहे, पण बळ चंद्र-सूर्याचे.

याच गणितावर १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये भरतीचे भाकीत करणारे यंत्र तयार झाले. त्यातला सर्वांत मोठा घटक चंद्राचा, १२ तास २५ मिनिटांचा. आजही बंदरांची कोष्टके वर्षभर आधी याच पद्धतीने तयार होतात. विद्वानांनी आपल्या सिद्धान्तातून पुढच्या षष्ठीची भाऊच्या धक्क्यावरची पूर्ण भरतीची वेळ काढावी आणि ती व्याख्यानात आधी जाहीर करावी.