बिनतारी जाळे आणि शेवटची एसटी

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेचे स्मरण बहुधा सूतकताई, हस्तोद्योग आणि डॉ. झाकीर हुसेन समितीचा अभ्यासक्रम यांपुरतेच केले जाते. त्या परिषदेमागील आर्थिक पेच मात्र विस्मृतीत गेला आहे. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती. दारूबंदी करावी तर अबकारी उत्पन्न बुडणार, आणि शाळा तर त्याच उत्पन्नाच्या आधारावर चालायच्या! मग शिक्षणाचा खर्च सोसावा कोणी? मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च भागावा, हे गांधीजींचे उत्तर अनेकांना पटले नाही. परंतु प्रश्न टाळला गेला नाही. आज त्याच जिल्ह्यातील उच्च शिक्षणात बिनतारी जाळे, म्हणजे वाय-फाय, आणि ‘संमिश्र अध्यापन’ यांची चर्चा चालू असताना नेमका तोच प्रश्न बाजूला ठेवला जात आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या टिपणात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन व उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकविण्याची कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा कलही तोच आहे. अध्यापनाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. चांगले व्याख्यान पुन्हा ऐकता आले, न समजलेला भाग थांबवून पाहता आला, तर मंदगती विद्यार्थ्याचा लाभच होईल. अडचण आहे ती हिशेबाची. वर्गातील तासाला लागणारी खोली, बाक आणि वीज संस्था पुरविते. तोच तास ऑनलाइन झाला की खोली विद्यार्थ्याची, वीज त्याच्या वडिलांची आणि यंत्रही त्याचेच. खर्च नाहीसा होत नाही. तो एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो, आणि ही दुसरी वही कोणताही लेखापरीक्षक तपासत नाही.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू काही कोसांच्या अंतरात पाहावयास मिळतात. वर्धा शहरालगत गांधी हिल्सवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले हे केंद्रीय विद्यापीठ असून दूरशिक्षणाद्वारे हिंदीचा प्रसार हे त्याच्या कायद्यातच नमूद असलेले उद्दिष्ट आहे. केंद्राच्या योजनांतून अशा विद्यापीठांना वेगवान जोडणी मिळाली. विद्यार्थी वसतिगृहात राहतो, त्यामुळे रात्री दहा वाजताही ती त्याच्या हाताशी असते. याउलट आर्वी, आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूरच्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी मुख्यतः खेड्यातून एसटीने येतो. ही महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. सायंकाळची गाडी चुकली तर मुक्काम पडतो, म्हणून तास संपताच तो स्थानक गाठतो. महाविद्यालयाचे जाळे कितीही वेगवान असो, त्याचा संबंध दिवसातील मोजक्या मोकळ्या वेळापुरताच येणार. राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषद मूल्यांकनाच्या वेळी जोडणीची क्षमता विचारते. ती क्षमता विद्यार्थ्याच्या किती तासांना पुरते, हा प्रश्न वेगळाच आहे.

घरी गेल्यावर काय होते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय होती आणि संगणक होता अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर मोबाइल झपाट्याने पसरला, हे खरे. परंतु घरात एक मोबाइल असणे आणि विद्यार्थ्याच्या हाती तो दोन तास असणे, या भिन्न गोष्टी आहेत. तो आधी वडिलांकडे असतो, मग भावाकडे. बहिणीची पाळी शेवटी येते. शिवाय बोटभर पडद्यावर संख्याशास्त्राचे कोष्टक वाचता येत नाही व पंधरा पानांचे टिपण लिहिता येत नाही.

पैशाचेही पाहिले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये दरवाढ झाली तेव्हा रोज दीड जीबी देणारे एका मोठ्या कंपनीचे २८ दिवसांचे रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेले. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला सुमारे दोन-तृतीयांश सवलत मिळते, कारण महाविद्यालयापर्यंत पोहोचणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हे शासनाने फार पूर्वी मान्य केले. शिक्षणाचे ४० टक्के तास मोबाइलवरून पोहोचणार असतील, तर तेच तत्त्व येथे का लागू नये, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

ऑनलाइन शिक्षणामुळे प्रवासाची गरज संपते, असा एक युक्तिवाद केला जातो. त्याची कसोटी २०२१ मध्ये लागली. टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रत्यक्ष वर्ग २० ऑक्टोबर रोजी सुरू झाले आणि अल्पावधीतच एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. खेड्यातील विद्यार्थ्यांना तेव्हा घरीच राहावे लागले. त्यांच्यापाशी मोबाइल होते. पण ग्रंथालय, मित्राची वही आणि शंका विचारण्यासाठी समोर असलेला प्राध्यापक एवढे सारे त्या मोबाइलमध्ये मावत नव्हते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. चित्रित व्याख्याने महाविद्यालयातीलच सर्व्हरवर साठविली, तर विद्यार्थी ती बाहेरच्या इंटरनेटविना, केवळ आवारातील वाय-फायवरून, आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेऊ शकतो. घरी पाहताना त्याला एक पैसाही पडत नाही. परंतु त्यासाठी दुपारी एक तास ग्रंथालयाचा राखावा लागेल, आणि तो एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवावा लागेल. ‘स्वयम्’वरील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, हा दुसरा अडसर. आर्वीचा कला शाखेचा विद्यार्थी मराठीतून शिकतो. १५ ऑगस्ट १९८४ रोजी आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला तेव्हाही प्रारंभ इंग्रजीतूनच झाला होता. चाळीस वर्षांत यंत्र बदलले, भाषा बहुतांशी तीच राहिली. भारतीय भाषेतून दूरशिक्षण देण्याचा अनुभव असलेले केंद्रीय विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. शेजारच्या महाविद्यालयांसाठी मराठी पाठ तयार करण्यात त्या अनुभवाचा उपयोग करून घेण्यास कोणाची हरकत असावी?

सर्वांत नाजूक मुद्दा पदांचा आहे. राज्यातील अनेक महाविद्यालयांत कायम अध्यापकांच्या जागा रिक्त असून तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर काम भागविले जाते. शिकविलेल्या तासांवर ज्याचे मानधन ठरते, त्याचे ४० टक्के तास चित्रफितीने घेतले तर त्याच्या महिन्याच्या प्राप्तीचे काय होणार, याचा आकडा त्रैराशिकाने काढता येतो. ऑनलाइन तास हा कार्यभारात पूर्ण धरला जाईल, एवढे एक वाक्य शासन निर्णयात आधी यावे. यंत्रसामग्रीच्या निविदा त्यानंतर काढाव्यात.