ज्यूरी गेली, चूक राहिली

नानावटीवरचे सिनेमे पाहून जो तो म्हणतो, जनतेनं सोडलेल्या माणसाला कोर्टानं का धरलं? दोस्तांनो, कसली जनता?

१९५९ साली मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटीनं प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. नऊ जणांच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘निर्दोष’ म्हटलं. का, ते विचारायचं नाही. न्यायाधीशानं कायदा समजावायचा, ज्यूरीनं हो-नाही म्हणायचं, एवढाच खेळ. हा निकाल न्यायाधीशालाच पटला नाही, त्यानं केस हायकोर्टाकडे धाडली. १९६० मध्ये जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली आणि दाखवलं की खोट त्याच न्यायाधीशाच्या समजावण्यात होती! गोळी अपघातानं सुटली म्हणणाऱ्यानंच ते दाखवायचं असतं, हे ज्यूरीला सांगितलंच नव्हतं. मुकादमानं मापच खोटं दिलं तर गोणी मोजणाऱ्याचा आकडा खरा कसा निघणार?

तरी १९६४ साली माफी मिळून साहेब मोकळे. त्याच्या मागं ‘ब्लिट्झ’ होता, नौदल होतं. आपल्या मागं कोण?

१९७३च्या फौजदारी संहितेनं ज्यूरी पुसून टाकली. आम्ही तिच्यासाठी रडणार नाही. गावच्या पंचांनी आमच्या आज्या-पणज्यांचे निवाडे कसे केले ते आम्हाला ठाऊक आहे. न्यायाधीशाला निदान कारणं लिहावी लागतात. चुकतो तोही, पण त्याची चूक कागदावर सापडते, आणि अपील तिच्यावरच उभं राहतं.

पण कागद हातात पडला पाहिजे ना! एका कैद्याच्या निकालाची नक्कल हायकोर्टानं येरवड्याच्या तुरुंग अधीक्षकाकडे धाडली. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. पोच? नव्हती. चार वर्षं उलटली. शेवटी १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं : नक्कल फुकट द्या, कैद्याची सही घ्या, वकील परवडत नसेल तर द्या.

तेव्हा शिरूर-दौंडच्या पोरांनो, आपला कुणी शिक्षा होऊन आत गेला तर मोर्चा उद्या काढा, आज नक्कल मागा. तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटची शिक्षा असेल तर सेशन्सला जायला तीस दिवस. सेशन्सची असेल तर हायकोर्टाला साठ, फाशी असली तर तीसच. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही १९८७च्या कायद्यानं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीत करा, नाहीतर तुरुंगातूनच पाठवा. आणि नक्कल इंग्रजीत असली तर मराठीत मागा. कायद्यात तशी सोय आहे, तीही फुकट.