परवानगी मिळाली, पण ठासणीची गोळी लागते कुठे?

भात पोटरीला आलं की सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांत रात्रीचे डबे वाजायला लागतात. मांगरात राखणीला बसणारे बसतात, बॅटरी फिरवतात, फटाके लावतात. तरी सकाळी बघावं तर अर्धा कुणगा लोळवलेला. केळी, सुरण, नाचणी, काहीच सुटत नाही. मग ग्रामसभेत तोच विषय येतो : रानडुकरं मारायला परवानगी द्या. पुढारी बोलतात, निवेदनं जातात, फोटो येतात.

या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. उद्या परवानगी हातात पडली, तर शेतकऱ्याच्या घरातली ठासणीची बंदूक नेम धरलेल्या जागी गोळी मारते का? आणि किती अंतरापर्यंत?

प्रश्न क्षुल्लक नाही. गोळी डुकराच्या पोटाला चाटून गेली तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरतं. सकाळी गवत कापायला किंवा गुरं घेऊन जाणाऱ्याच्या अंगावर तेच येतं. गोळी पूर्ण चुकली तर ती पुढे कुठे गेली हे अंधारात कुणाला कळत नाही. शिकारीत चुकून माणसालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणाला नवीन नाहीत.

आधी कायद्याचं बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. खरोखर पीक राखण्यासाठी ती हवी असेल आणि नकार द्यावा असं कारण नसेल, तर परवाना द्यायचा, असं ते कलम सांगतं. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे ठासणीची बंदूक ही शेतकऱ्याची बंदूक, हे कायद्यानेच मान्य केलंय.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेलं. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्या परवानगीने मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. मटणाचे वाटे घालायला गेलात तर वेगळा गुन्हा. हे दोन कागद वेगवेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

कागद दोन, खाती दोन. पोलीस परवाना तपासतात, वनखातं पिकाचा पंचनामा बघतं. बंदूक कुठे मारते हे बघणं कुणाच्याच कामात बसत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित वापराचं प्रशिक्षण आलं, ते चांगलंच झालं. पण प्रशिक्षण माणसाचं होतं. त्याच्या घरातल्या आजोबांच्या वेळच्या बंदुकीचं काय?

ठासणीच्या बंदुकीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. नळीच्या तोंडातून दारू, त्यावर बोंदरी, मग गोळी किंवा छर्रे, सगळं गजाने ठासायचं आणि मागे केप लावायची. आपल्याकडच्या बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीपेक्षा थोडी बारीक ठेवावी लागते. उडताना ती नळीच्या भिंतीला आपटत बाहेर येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट बाजूला वळते. पन्नासेक पावलांपर्यंत हे निभावतं. पुढे नेम माणसाचा राहत नाही, नशिबाचा होतो.

रायफलची गोष्ट वेगळी. तिच्या नळीत मळसूत्री खोबणी असते, गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि फिरणारी वस्तू सरळ राहते. 1857 मध्ये ज्या काडतुसांवरून शिपाई भडकले ती एनफिल्ड रायफलसुद्धा ठासणीचीच होती. तिची गोळी उडताना मागून फुगायची आणि खोबणीत घट्ट बसायची, म्हणून ती शेकडो यार्ड नेमकी जायची. बंदूक दोन्ही वेळा ठासणीचीच, पण नळी आणि गोळी बदलली की अंतराचा हिशेबच बदलतो.

अमेरिकेत हे शास्त्र अजून जिवंत आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू होतो. कोलोरॅडोत त्या हंगामात दुर्बीण चालत नाही, गोळीभोवती प्लास्टिकची वाटी घालणंही चालत नाही. तिथे शिकार हौसेची, इथे पीक वाचवायची, हा फरक मोठाच. पण हंगामाच्या आधी ते जे करतात ते आपल्या कामाचं आहे.

ते बंदूक तपासतात. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून त्यावर बंदूक टेकवतात, म्हणजे हात हलल्याचा दोष बंदुकीवर येत नाही. समोर 50 यार्डांवर, म्हणजे साधारण 46 मीटरवर कागद लावतात. एकाच प्रकारच्या गोळीचे तीन किंवा पाच बार काढतात आणि भोकं एकमेकांपासून किती लांब पडली ते पट्टीने मोजतात. मग गोळीचा प्रकार बदलतात, पुन्हा तेवढेच बार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम. गोळीही बदलली आणि दारूही बदलली, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. शेतात खत आणि बियाणं एकाच वर्षी बदलल्यावर होतो तसाच घोळ.

बार किती काढायचे यालाही अर्थ आहे. एकच बार मध्यावर बसला म्हणून बंदूक चांगली ठरत नाही. आपल्याकडे मात्र नारळाच्या झाडाला एक बार मारून ‘बंदूक बेस्ट आसा’ म्हणणारे जास्त. तीन भोकं वितीत आली तर ती बंदूक काहीतरी सांगतेय. तीन भोकं तीन दिशांना गेली तर त्यातलं मध्यावरचं भोक निव्वळ योगायोग.

आणखी एक बारीक गोष्ट. काळ्या दारूची राख नळीत बसते. स्वच्छ नळीतला पहिला बार आणि राख साचलेल्या नळीतला तिसरा बार एकाच जागी जात नाहीत. म्हणून ते लोक प्रत्येक बारानंतर नळीत ओली चिंधी फिरवतात, मग कोरडी. डुकरावर पहिलाच बार चालणार असतो, त्यामुळे स्वच्छ नळीतला पहिला बार कुठे जातो हे कळणं जास्त महत्त्वाचं.

गोळ्यांचंही तसंच. सगळ्या गोळ्या वरून सारख्या दिसल्या तरी आत हवेचा पोकळा राहिलेली गोळी हलकी भरते आणि वाकडी जाते. परवानाधारक दुकानातून पावतीवर घेतलेल्या गोळ्या बारीक काट्यावर तोलून हलक्या बाजूला काढल्या, तर विनाखर्च सुधारणा होते. छर्र्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. बारीक छर्रे मोठ्या डुकराच्या खांद्याच्या जाड कातड्यात अडकतात. जनावर मरत नाही, फक्त चवताळतं.

आता अंतराचा हिशेब. अमेरिकन शिकारी हरणाच्या छातीतली जीवघेणी जागा साधारण आठ इंचांची धरतात, जेवणाच्या कागदी पत्रावळीएवढी. सगळे बार तेवढ्यात बसले पाहिजेत. समजा एखाद्या ठासणीचे तीन बार 30 मीटरवर आठ इंचांत बसले. 60 मीटरवर तीच भोकं किमान सोळा इंचांत विखुरणार, म्हणजे एखादी गोळी पोटात, एखादी पायाला आणि एखादी शेजारच्या बांधावर. त्या बंदुकीची हद्द 30 मीटर, पुढे घोडा ओढायचा नाही. शेजाऱ्याच्या बंदुकीची हद्द 20 असेल किंवा 45 असेल. बंदुकीबंदुकीत फरक असतो, म्हणून प्रत्येकाने आपलीच तपासायची.

तपासताना जिवाला धोका होऊ नये यासाठी दोन गोष्टी. ठासणीच्या नळीत काळ्या दारूशिवाय दुसरी कुठलीही दारू जाता नये, काडतुसातली धूररहित दारू तर अजिबात नाही, नळी फुटते. आणि गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुटू शकते. जुने लोक गजावर खूण करून ठेवायचे, ती खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी टेकली. ही खूण आज किती गजांवर आहे?

पण तपासायची कुठे, इथेच गाडी अडते. पीक राखायच्या परवान्यावर मळ्यात कागद लावून बार काढले, तर उद्या कुणीतरी तक्रार करणार आणि शेतकरी ठाण्यात. म्हणून आधी पोलीस ठाण्याला लेखी विचारल्याशिवाय कुणी हे करू नये. खरा उपाय सरकारच्या हातात आहे. पोलिसांकडे गोळीबाराचं मैदान असतं. पावसाळ्याआधी तालुक्यातल्या परवानाधारकांना एक दिवस बोलवावं, प्रत्येकाचे तीन बार कागदावर घ्यावेत आणि त्या बंदुकीची हद्द परवान्यासोबत लिहून द्यावी. ज्या बंदुकीची नळी गंजलेली, ती तिथेच बाजूला काढावी. खर्च फार नाही, इच्छा हवी.

केरळने 2022 मध्ये रानडुकरं मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले. मारायचं काम मात्र परवानाधारक नेमबाजांच्या यादीतून होतं. आपल्याकडेही सरपंचांना अधिकार द्या अशी मागणी होते. मागणी वाईट नाही. पण सरपंचाने सही केली आणि बंदूक तीच न तपासलेली राहिली, तर जखमी डुकराचा जाब गाव सरपंचालाच विचारणार. अधिकार मागताना नेमबाजांची यादीही मागायला हवी.

हे झालं नाही तर काय होतं तेही दिसतंय. परवानगीला वेळ, बंदुकीचा भरवसा नाही, म्हणून कुंपणात वीज सोडली जाते, फासकी लावली जाते, गावठी बॉम्ब पेरले जातात. त्यात बिबट्या अडकतो, कुत्रं मरतं, कधी शेताचा मालकच मरतो. या तिन्ही गोष्टी बेकायदा आहेत आणि त्यांना नेम नसतोच.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2024 मध्ये एकाच वर्षात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, नेमकी भातकापणीच्या तोंडावर. पीक राखणाऱ्यांना सूट हवी असेल तर अर्ज वेळेत द्यावा लागतो. जमा केलेली बंदूक परत घेताना नळी आतून बघून घ्यावी, गज आत घालून पूर्ण खाली जातो का तेही बघावं. दमट खोलीत महिना-दीड महिना पडून राहिलेल्या नळीला गंज धरतो, आणि मग आधी मोजलेली हद्द त्या बंदुकीची राहत नाही.